"काका, फक्त सही-शिक्का द्या" : ट्रेनी विद्यार्थ्याचे १२० तास कसे वापरायचे?



परीक्षा जवळ आल्या की मंठ्यातल्या एखाद्या डाळ मिलवर नाहीतर फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये थोडा वेळ बसून बघा. हातात फाईल घेऊन कॉलेजचं पोरगं येतं. पुढचं बोलणं साधारण असं होतं :

"काका, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट पाहिजे होतं."

"बरं. किती दिवस येणार?"

"यायचं नाही काका, फक्त सही-शिक्का द्या. सगळे तसंच करतात."

काकांना पोराचे वडील ओळखीचे. नाही कसं म्हणणार? ड्रॉवरमधून शिक्का निघतो, कागदावर बसतो, विषय संपतो.

मी स्वतः असा शिक्का मारलेला आहे. तेव्हा माझा छोटा उद्योग होता. एका ओळखीच्या माणसाच्या मुलाला "स्टॉक आणि उत्पादन नियोजनाचं काम समाधानकारक केलं" असं मी लिहून दिलं. पोरगं एक दिवसही आलं नव्हतं. वर्षभराने तोच मुलगा माझ्याकडेच नोकरी मागायला आला आणि तोच कागद त्याने माझ्यापुढे ठेवला. मी विचारलं, "स्टॉक रजिस्टर कसं लिहितात, सांग बघू." तो गप्प. खरं सांगतो, त्या दिवशी त्याच्यापेक्षा मला जास्त लाज वाटली. कागदावर सही माझी होती आणि माझाच तिच्यावर विश्वास नव्हता.

म्हणून आजचा धडा. ट्रेनी विद्यार्थी म्हणजे फुकटचा मजूर नाही आणि शिक्क्याचं गिऱ्हाईकही नाही. त्याचे तास नीट वापरले तर तो शिकतो, आणि तुमच्या धंद्यातली एखादी न दिसणारी गळती बंद होते.

ऑपरेशन्स शिकायला पुण्यालाच जावं लागतं का?

बऱ्याच जणांना वाटतं, ऑपरेशन्स मॅनेजमेंट म्हणजे मोठ्या कंपनीचा विषय. मंठ्याच्या विद्यार्थ्याने निदान जालन्याची एमआयडीसी तरी गाठली पाहिजे, तिथे स्टीलचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. तिथे संधी मिळाली तर जरूर जावं. पण विषय काय आहे ते आधी समजून घ्या.

कच्चा माल येतो, त्यावर काम होतं, पक्का माल बाहेर जातो. या वाटेवर वेळ, माल, माणसं, मशिन आणि दर्जा यांचा मेळ घालणं म्हणजे ऑपरेशन्स. मंठ्याच्या आडत बाजारात तूर, सोयाबीन येतं. ती तूर डाळ मिलमध्ये गेली की साफसफाई, प्रतवारी, तेल-पाणी लावणं, वाळवणं, भरडणं, चाळणं, पॅकिंग असा तिचा प्रवास चालतो. पुस्तकातले सगळे धडे एका शेडमध्ये आहेत. उलट मोठ्या कारखान्यात ट्रेनीला एकच कोपरा दिसतो. छोट्या युनिटमध्ये तो गेटपासून बिलापर्यंत सगळं बघू शकतो.

ट्रेनी तुमच्याकडे कोणत्या दाराने येतो?

हे आधी ओळखा, कारण प्रत्येक दाराचे नियम वेगळे आहेत.

१) कॉलेजच्या अभ्यासक्रमातलं प्रशिक्षण. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी इंटर्नशिप, ऑन जॉब ट्रेनिंग अभ्यासक्रमात आणलं. पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षात ते ४ क्रेडिटचं असतं. एका क्रेडिटला ३० तास धरले की ४ क्रेडिटचे १२० तास होतात. एमबीएच्या विद्यार्थ्यांचं उन्हाळी प्रशिक्षण याहून लांब असतं. नेमके तास आणि नमुने विद्यार्थ्याच्या कॉलेजच्या पत्रात असतात. ते पत्र मागून घ्या. त्याशिवाय कुणालाही उभं करू नका.

२) अप्रेंटिस, म्हणजे शिकाऊ उमेदवार. इथे शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ लागू होतो. २०१९ मध्ये बदललेल्या नियमांप्रमाणे कंत्राटी माणसं धरून ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ माणसं असतील तर ऐच्छिक आहे. म्हणजे छोट्या उद्योगालाही हे दार उघडं आहे. करार पोर्टलवर नोंदवावा लागतो आणि स्टायपेंड द्यावाच लागतो. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा २५ टक्के, जास्तीत जास्त महिना १,५०० रुपये, इतका वाटा केंद्र सरकार उचलतं.

३) मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. ही राज्य सरकारने २०२४ मध्ये आणली. वय १८ ते ३५. बारावी झालेल्यांना महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधर, पदव्युत्तरांना १०,००० रुपये विद्यावेतन सरकार थेट उमेदवाराच्या खात्यात देतं, असं तिचं मूळ स्वरूप. लक्षात ठेवा, ज्याचं शिक्षण अजून चालू आहे त्याच्यासाठी ही योजना नाही. उद्योगासाठीही किमान मनुष्यबळाची अट आहे. अर्ज करण्याआधी जालन्याच्या जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात चालू नियम विचारून घ्या.

आजचा धडा मुख्यतः पहिल्या दाराबद्दल आहे. पण पुढची पद्धत तिन्हीकडे चालते.

पहिल्या दिवसाआधी एक पान लिहा

तोंडी ठरलेलं पंधरा दिवसांत विसरलं जातं. म्हणून एका पानावर एवढं लिहून दोघांनी सही करा :

• सुरुवातीची आणि शेवटची तारीख, रोजची वेळ, एकूण तास.
• तुमच्याकडून शिकवणारा एक माणूस कोण. "सगळेच बघतील" म्हणजे कुणीच बघणार नाही.
• कॉलेजचे मार्गदर्शक शिक्षक कोण, त्यांचा फोन.
• स्टायपेंड, चहा-जेवण, जाण्या-येण्याचा खर्च देणार की नाही. देणार नसाल तर तेही स्पष्ट लिहा.
• ट्रेनीने हात लावायचा नाही अशा गोष्टी.
• कुठली माहिती बाहेर न्यायची नाही : गिऱ्हाइकांची नावं, खरेदीचे भाव.

सुरक्षेचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. फिरता पट्टा, उघडं विजेचं पॅनल, धूळ, उंच थप्पी. पहिल्याच दिवशी हे सगळं दाखवायचं. सैल ओढणी, गळ्यातला गमछा, हातातलं कडं घालून पट्ट्याजवळ जायचं नाही. मशिन बंद करायचं बटण कुठे आहे ते ट्रेनीच्या हाताने दाबून घ्यायचं. अप्रेंटिसला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. इतर ट्रेनींच्या बाबतीत विम्याचं काय, हे कॉलेजला आधीच विचारा.

१२० तासांचा आराखडा

रोज ६ तास धरले तर २० दिवस होतात. त्यांची वाटणी अशी करा :

• १२ तास : सुरक्षा, ओळख, पूर्ण प्रक्रिया पायी फिरून बघणं. शेवटी कागदावर प्रक्रियेचा नकाशा.
• २४ तास : प्रत्येक टप्प्यावर बसणं. वजनकाट्यापासून पॅकिंगपर्यंत. कामगारांना विचारणं, "मामा, इथे सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?"
• ४८ तास : एकच प्रश्न निवडून मोजणं. दहा प्रश्न नकोत.
• २४ तास : एक छोटा बदल करून बघणं आणि पुन्हा मोजणं.
• १२ तास : अहवाल लिहिणं आणि मालकाला दहा मिनिटांत समजावून सांगणं.

बेरीज करून बघा, बरोबर १२० होते.

एक उदाहरण, आकड्यांसकट

समजा, मंठ्यातली एक डाळ मिल. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, तुमच्याकडचे वेगळे येतील. मालकाचं ठाम मत : "आमचं सगळं नुकसान लाइटमुळे होतं." ट्रेनी मुलगी मशिनजवळ वही आणि घड्याळ घेऊन बसते. मशिन थांबलं की वेळ आणि कारण लिहिते. एका ८ तासांच्या, म्हणजे ४८० मिनिटांच्या पाळीची तिची नोंद :

• वाळवलेली तूर वेळेवर आली नाही : ५५ मिनिटं
• लाइट गेली : ४० मिनिटं
• पोती भरायला माणूस नव्हता : २५ मिनिटं
• पट्टा सरकला : २० मिनिटं

एकूण १४० मिनिटं मशिन बंद. चाललं ३४० मिनिटं, म्हणजे जेमतेम ७१ टक्के. आणि सगळ्यात मोठं कारण लाइट नाहीच! तूर ओट्यावर वाळून तयार होती, पण पोती मशिनपर्यंत आणायचं काम नेमकं कुणाचं, हेच ठरलेलं नव्हतं.

एका दिवसावरून निष्कर्ष काढायचा नाही. आठ दिवस तीच नोंद करायची. रोज तेच कारण वर येत असेल तर बदल करून बघायचा. आदल्या संध्याकाळीच काही पोती मशिनजवळ आणून ठेवायची आणि दिवसभर पोती आणायची जबाबदारी एकाच माणसाला द्यायची. समजा त्यामुळे ५५ मिनिटं २० वर आली. रोज ३५ मिनिटं वाचली. मिलचा वेग तासाला ३ क्विंटल असेल तर रोज पावणेदोन क्विंटल जास्त माल निघतो. २५ दिवसांचे जवळपास ४४ क्विंटल. नवीन मशिन नाही, कर्ज नाही. एक वही आणि एक घड्याळ.

मालकाला ही गळती का दिसली नव्हती? कारण लाइट गेली की सगळ्यांना कळतं, शेडमध्ये अंधार होतो. पोत्यांची वाट बघताना मात्र सगळे आपापल्या कामात असल्यासारखे दिसतात. रोज बघून डोळे सरावतात. बाहेरून आलेल्या पोराचे डोळे सरावलेले नसतात. ट्रेनी घेण्याचा खरा फायदा हाच.

शिकवायचं कसं? चार पायऱ्या

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवखी माणसं मोठ्या संख्येने आली. त्यांना पटकन तयार करण्यासाठी १९४० मध्ये 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम सुरू झाला. युद्धानंतर ती पद्धत जपानमध्ये गेली आणि टोयोटानेही वापरली. तिचा गाभा अगदी साधा आहे :

१) तयारी : काम काय, कशासाठी, आणि त्याला आधी किती येतं हे विचारा.
२) दाखवा : एकेक टप्पा सावकाश करून दाखवा. 'असंच का' तेही सांगा.
३) करून घ्या : त्याच्या हाताने करू द्या. करताना तोंडाने समजावून सांगायला लावा. चूक तिथल्या तिथे दुरुस्त करा.
४) पाठ सोडू नका : एकट्याला काम द्या, पण अडलं तर कुणाला विचारायचं ते सांगा. मधूनमधून बघत राहा.

आपल्याकडे दुसरी पायरी झाली की "समजलं ना?" विचारतात आणि पोरगं मान हलवतं. तिथेच ट्रेनिंग संपतं. तिसरी पायरी केल्याशिवाय समजलं की नाही ते कळत नाही.

हीच पद्धत तुमच्या नव्या कामगारालाही लागू पडते, हे वेगळं सांगायला नको.

सर्टिफिकेटवर काय लिहायचं?

"काम समाधानकारक" या दोन शब्दांना काही किंमत नाही. असं लिहा : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, प्रत्यक्ष किती तास, कोणतं काम, काय मोजलं, काय निघालं. उद्यम नोंदणी असेल तर क्रमांक टाका. १२० पैकी ९० तासच भरले असतील तर ९० लिहा. उरलेले भरायला पुन्हा बोलवा.

आणि "फक्त शिक्का द्या" म्हणणाऱ्याला काय सांगायचं? रागावू नका. एवढंच म्हणा : "बाळा, शिक्का देतो. पण उद्या सकाळी नऊला ये. वही घेऊन ये." ज्याला शिकायचं आहे तो येईल. नाही आला तर तुमची सही वाचली.

ज्यांचा उद्योग अजून सुरू व्हायचा आहे त्यांच्यासाठी

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे शेडच नाही, ट्रेनी कुठून आणू? मग तुम्हीच ट्रेनी व्हा. ज्या धंद्यात पैसे घालायचे आहेत, तशा युनिटमध्ये परवानगी घेऊन १२० तास काढा. मंठ्यात कुणी स्पर्धक समजून दारात उभं करत नसेल तर परतूर, जिंतूर, लोणार, कुठेही जा. वरचाच आराखडा वापरा. कर्जाच्या अर्जाआधी केलेले हे २० दिवस पुढे फार कामाला येतील. प्रकल्प अहवालात "मशिन पूर्ण क्षमतेने चालेल" असं लिहिताना तुमचा हात आपोआप थांबेल.

या आठवड्याचा गृहपाठ

एका ओळखीच्या युनिटमध्ये जा. एक मशिन निवडा. फक्त दोन तास बसा. ते किती वेळा थांबलं, किती मिनिटं, कशामुळे, एवढंच वहीत लिहा. मालकाला आधी विचारा, "सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?" नंतर त्याचं उत्तर आणि तुमची वही शेजारी ठेवून बघा. दोन्ही जुळलं तर मालक हुशार आहे, त्याच्याकडून शिका. नाही जुळलं तर तुमचं ट्रेनिंग सुरू झालं.

भेटू पुढच्या धड्यात. तोपर्यंत शिक्का ड्रॉवरमध्ये आणि वही हातात ठेवा!