सशाच्या मादीचा खुराक आणि तेलाचे प्रमाण

बीदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांत पशुधन म्हटले की देवणी गाय, म्हैस आणि उस्मानाबादी शेळी यांचीच नावे प्रथम घेतली जातात. ससेपालन हा त्यामानाने नवा व लहान जोडधंदा होय. थोडी जागा, घरचा चारा आणि कुटुंबाची देखरेख एवढ्यावर तो सुरू करता येतो. मात्र पहिली एकदोन वेते चांगली झाल्यावर मादी खंगत गेली, तर सारे गणित बिघडते. अशा वेळी खुराकात तेल घालण्याचा उपाय सुचविला जातो. त्याचे गुण व मर्यादा दोन्ही जाणून घेणे आवश्यक आहे.

दुधाचा कस

सशाची मादी सुमारे ३१ दिवसांनी विते. पिल्ले जन्मतः केसरहित व मिटल्या डोळ्यांची असून त्यांचे वजन साधारणपणे ५० ते ६० ग्रॅम असते. मादी बहुधा दिवसातून एकदाच आणि तेही तीनचार मिनिटेच पाजते. तरीही आठवड्याभरात पिल्लाचे वजन दुप्पट होते. याचे कारण दुधाच्या कसात आहे. गाईच्या दुधात सुमारे ४ टक्के, म्हशीच्या दुधात ७ टक्के, तर सशाच्या दुधात १२ ते १३ टक्के स्निग्धांश असतो.

तिसऱ्या आठवड्यात हे दूध सर्वाधिक असते. त्या काळात मादीने पोटभर खाल्ले तरी तिची गरज पुरी होत नाही. उरलेली तूट तिच्या अंगच्या चरबीतून भरली जाते. व्याल्यानंतर लगेच ती पुन्हा फळविली, तर दूध आणि गर्भ असा दुहेरी भार तिच्यावर पडतो.

तेलाने काय साधते?

स्निग्ध पदार्थांत तेवढ्याच वजनाच्या पिष्टमय पदार्थांच्या सुमारे सव्वादोन पट ऊर्जा असते. खुराकात २ ते ३ टक्के तेल वाढविल्यास दूध वाढते व पिल्ले वजनदार होतात, असे प्रयोगांत आढळले आहे. परंतु मादीच्या अंगावर त्या प्रमाणात चरबी साठत नाही. वाढीव ऊर्जेचा मोठा भाग दुधावाटे पिल्लांकडेच जातो. म्हणजे तेलाने पिल्ले पोसतात, मादीची झीज मात्र भरून निघत नाही. त्यासाठी दोन वेतांमध्ये विश्रांतीच द्यावी लागते.

उन्हाळ्यात तेलाचा आणखी एक उपयोग होतो. कलबुर्गीकडे पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि ३० अंशांपुढेच ससे खाणे कमी करतात. तेलामुळे थोड्या खुराकातून अधिक ऊर्जा मिळते व पचनात उष्णताही कमी निर्माण होते. अर्थात सावली व थंड पाणी यांची उणीव तेल भरून काढू शकत नाही.

प्रमाण व दक्षता

पाजणारी मादी दिवसाला ३५० ग्रॅम खुराक खात असेल, तर २ टक्के म्हणजे ७ ग्रॅम, अर्थात सुमारे दीड चहाचा चमचा तेल पुरे होते. या भागात पिकणाऱ्या करडईचे वा सोयाबीनचे तेल चालते. जवसाचे तेल लवकर खवट होते, म्हणून तेल मिसळलेला खुराक दोनतीन दिवसांपुरताच करावा. तुरीची चुणी हा खुराकाचा स्वस्त घटक आहे. परंतु गवत व लसूणघास कमी करू नये, कारण तंतुमय पदार्थ घटल्यास हगवण लागून ससे दगावतात. बुरशी आलेली भुईमुगाची पेंड मुळीच घालू नये. रिकाम्या मादीला तेल देऊ नये, कारण लठ्ठ मादी नीट गाभण राहत नाही व विताना अडते.

वजनाची नोंद

मादी व्याली त्या दिवशी आणि पिल्ले तोडली त्या दिवशी तिचे वजन करून वहीत लिहावे. ते बरेच उतरले असेल, तर ती सावरेपर्यंत नर दाखवू नये. ग्रामीण शाळांतील शिक्षकांनी हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास आहारशास्त्राचा धडा प्रत्यक्ष शिकता येईल. अधिक मार्गदर्शनासाठी बीदर येथील पशुवैद्यकीय विद्यापीठ व सीमेपलीकडील उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय ही दोन्ही केंद्रे जवळच आहेत. तेलाचा चमचा उचलण्यापूर्वी तराजू हाती घेणे, हेच शहाणपणाचे ठरेल.