सात जणांची गाडी : नवी घ्यावी की जुनी?

चेन्नईच्या सौकारपेटेत सोन्या-चांदीच्या गलाईचे काम करणारे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. मूळ गाव सांगली जिल्ह्यात, विट्याच्या बाजूला. घरात नवरा-बायको, दोन मुले आणि आजी-आजोबा. सुट्टीत बहीण आली की सात माणसे होतात. मुलांची शाळा, आजोबांच्या दवाखान्याच्या फेऱ्या, लग्नकार्य आणि वर्षातून एकदा गाव. रिक्षावाल्याशी रोज घासाघीस करून घर कंटाळले आहे आणि एक दिवस विषय निघतो : "एखादी मोठी गाडीच घेऊन टाकू या."

मग शेजारी सांगतात, "नवीच घ्या, डोक्याला ताप नाही." मेहुणे म्हणतात, "नवी घेणे म्हणजे पैसे पाण्यात. चार वर्षांची जुनी घ्या." दोघांचेही काही अंशी बरोबर आहे, पण तुमच्या घराचा हिशेब दोघांनीही केलेला नाही. तो तुम्हीच करायचा आहे. या पाठात तो कसा करायचा ते पाहू. हे कुटुंब आणि त्याचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. त्यांच्या जागी स्वतःचे आकडे घाला.

पहिली पायरी : गाडीआधी घराचे पैसे बाजूला काढा

या घरात महिन्याला ₹५५,००० येतात, ₹३८,००० खर्च होतात आणि ₹१७,००० शिल्लक पडतात. आजवरची बचत ₹५ लाख आहे. ही सगळी बचत गाडीसाठी आहे, असे समजणे ही पहिली चूक. सहा महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम अडीअडचणीसाठी राखलीच पाहिजे. म्हणजे ३८,००० गुणिले ६ = ₹२,२८,०००. या रकमेला हात लावायचा नाही. गाडीसाठी उरतात ₹२,७२,०००.

आजोबांना अचानक रुग्णालयात न्यावे लागले किंवा महिनाभर काम थंडावले, तर उपयोगी पडतो तो हा राखलेला पैसा. दारात उभी असलेली गाडी विकून त्याच संध्याकाळी पैसे मिळत नाहीत.

दुसरी पायरी : पाच वर्षांचा खर्च मांडा

पाटीवरची किंमत म्हणजे गाडीचा खर्च नव्हे. खरा खर्च म्हणजे गाडी घेतल्यापासून विकेपर्यंत खिशातून गेलेले पैसे, वजा विकून आलेले पैसे. आपल्या कुटुंबापुढे दोन गाड्या आहेत.

नवी सात आसनी गाडी (₹६ लाख कर्ज, ९.५ टक्के व्याज, ५ वर्षे)
ऑन-रोड किंमत : ₹८,५०,०००
कर्जाचे व्याज : ₹१,५६,०००
पाच वर्षांनी विकून येणारे : वजा ₹४,००,०००
निव्वळ खर्च : ₹६,०६,०००, म्हणजे महिना ₹१०,१००

चार-पाच वर्षे वापरलेली सात आसनी गाडी (₹२.७ लाख कर्ज, १३ टक्के व्याज, ४ वर्षे)
किंमत : ₹५,००,०००
नावावर करणे, टायर, बॅटरी, पहिली दुरुस्ती : ₹४०,०००
कर्जाचे व्याज : ₹७८,०००
पाच वर्षांतील जादा दुरुस्ती : ₹६०,०००
पाच वर्षांनी विकून येणारे : वजा ₹२,२५,०००
निव्वळ खर्च : ₹४,५३,०००, म्हणजे महिना ₹७,५५०

जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर जास्त असतो, दुरुस्तीही जास्त निघते. हे सगळे धरूनही या उदाहरणात जुनी गाडी पाच वर्षांत दीड लाखाने स्वस्त पडते. कारण सोपे आहे. गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने उतरते आणि तो तोटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. विमा कंपन्यांचा ठोकताळाही हेच सांगतो. विम्यासाठी गाडीची किंमत ठरवताना एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के आणि चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के घसारा धरतात.

तिसरी पायरी : महिन्याच्या शेवटी हातात काय उरते?

महिन्याला ८०० किलोमीटर, लिटरला १५ किलोमीटर आणि पेट्रोल ₹१०० धरले तर इंधनाचे ₹५,३०० होतात. विमा आणि नेहमीची सर्व्हिसिंग मिळून महिना ₹२,५०० धरा. रिक्षाचे ₹४,००० मात्र वाचतील.

नवी गाडी : हप्ता १२,६०० + इंधन ५,३०० + विमा-सर्व्हिसिंग २,५०० = २०,४००. रिक्षाचे ४,००० वजा केले की १६,४००. शिलकीच्या १७,००० मधून उरले ₹६००.

जुनी गाडी : हप्ता ७,२४० + इंधन ५,३०० + विमा-सर्व्हिसिंग २,५०० + दुरुस्तीसाठी बाजूला १,००० = १६,०४०. रिक्षाचे वजा केले की १२,०४०. उरले ₹४,९६०.

पहिल्या हिशेबात पाच वर्षे मुलांच्या नावे काहीच साठत नाही. गाडी उभी करायला भाड्याची जागा लागली, तर ते ₹६०० सुद्धा राहत नाहीत. सौकारपेटेसारख्या अरुंद गल्ल्यांच्या वस्तीत हा प्रश्न आधी सोडवा, गाडी नंतर पाहा.

इथे विक्रेता म्हणेल, "मुदत सात वर्षांची करा, हप्ता ₹९,८०० वर येईल." हप्ता खरेच उतरतो. पण व्याज ₹१,५६,००० वरून ₹२,२४,००० वर जाते आणि गाडी दुरुस्तीला येईल त्या वर्षांतही हप्ता चालूच राहतो.

चौथी पायरी : सात आसने वर्षातून किती दिवस लागतात?

जुन्या गाडीचा सगळा महिन्याचा खर्च (७,५५० + ५,३०० + २,५००) ₹१५,३५० होतो. रिक्षाचे वाचलेले ₹४,००० वजा केले की ₹११,३५०, म्हणजे वर्षाला ₹१,३६,२००. चालक आणि इंधनासह मोठी गाडी दिवसाला ₹४,००० भाड्याने मिळते असे धरले, तर एवढ्या पैशांत ३४ दिवस गाडी मिळेल. तुमची गरज वर्षाला पंधरा-वीस दिवसांचीच असेल, तर भाड्याची गाडी आणि गावासाठी रेल्वे हाच शहाणपणाचा मार्ग. आजोबांना दर आठवड्याला न्यावे लागत असेल, तर हिशेब बदलतो. कॅलेंडर घ्या आणि मागच्या वर्षातले दिवस मोजा.

नवी घेत असाल तर कराच्या रेषा ओळखा

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. चार मीटरपेक्षा लांब नसलेल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर तो १८ टक्के आहे. त्याहून मोठ्या गाड्यांवर ४० टक्के. म्हणून चेन्नईजवळच्या ओरगडम येथे तयार होणारी रेनॉ ट्रायबर आणि मारुती ईको या १८ टक्क्यांत बसतात. मारुती अर्टिगा आणि किया कॅरेन्स ४० टक्क्यांत जातात. या दोन्ही गटांतली जागा, आसने आणि रोजची गरज यांची तुलना करताना हा फरक लक्षात ठेवा.

दुसरी रेषा तमिळनाडूच्या आजीवन कराची. नोव्हेंबर २०२३ च्या वाढीनंतर पाच ते दहा लाखांच्या गाडीवर १३ टक्के आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीवर १८ टक्के असे दर झाले. ₹९.८ लाखांच्या गाडीवर हा कर सुमारे ₹१,२७,००० होतो, तर ₹१०.२ लाखांच्या गाडीवर सुमारे ₹१,८४,०००. किमतीत फरक चाळीस हजारांचा, पण करातच आणखी छप्पन्न हजारांचा. दहा लाखांच्या काठावर असाल, तर वरचे मॉडेल घेण्यापूर्वी थांबून विचार करा.

जुनी गाडी घेणाऱ्यालाही या बदलाचा फायदा आहे. नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या, तर जुन्यांच्याही उतरायला हव्यात. विक्रेता जुन्या शोरूम किमतीवरून भाव सांगत असेल, तर आजच्या नव्या गाडीची किंमत त्याच्यापुढे ठेवा.

चेन्नईत जुनी गाडी पाहताना : आधी पाणी, मग रंग

डिसेंबर २०१५ च्या पुरात आणि डिसेंबर २०२३ च्या मिचौंग चक्रीवादळात चेन्नईत असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. वेळाचेरीचे लोक तर पाऊस वाढला की गाड्या उड्डाणपुलावर नेऊन लावतात. बुडालेली गाडी धुऊन, पुसून, नवी आसने घालून पुन्हा बाजारात येते. बाहेरून चकचकीत दिसते, पण काही महिन्यांनी वायरिंग दगा देते. म्हणून हे तपासा :

• चारही दारे बंद करून आत बसा. कुबट वास किंवा नको इतका सुगंध येतो का?
• सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. टोकाला चिखलाचा डाग राहतो.
• आसनांखालच्या पट्ट्या, गालिच्याखालचा पत्रा आणि स्टेपनीची जागा गंजली आहे का?
• हेडलाइटच्या आत ओल किंवा मातीची रेघ आहे का?
• इंजिन ऑइल दुधाळ दिसते का?
• सर्व्हिस सेंटरची नोंद आणि विम्याच्या क्लेमचा इतिहास मागा. पुराच्या महिन्यांनंतर मोठे काम निघाले असेल, तर सावध व्हा.

समुद्राजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीचा तळपत्रा खारट हवेने खातो. गाडी उचलून खालून पाहा. हे काम विक्रेत्याच्या नव्हे, तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडून करून घ्या. त्याला हजार-दोन हजार द्यावे लागले तरी द्या.

दुपारी एक वाजता, एसी लावून आणि सातही जण बसवून गाडी चालवून पाहा. मागच्या रांगेत आजीचे गुडघे मावतात का, गार हवा तिथे पोहोचते का, सामानाला जागा उरते का, हे रिकाम्या गाडीत कळत नाही. सीएनजीची टाकी असेल, तर मागची जागा आणखी कमी होते. शक्यतो २०२२ नंतरची गाडी पाहा. तोपर्यंत पुढच्या दोन्ही आसनांना एअरबॅग सक्तीची झाली होती.

कागद पूर्ण नसतील तर गाडी कितीही स्वस्त असो, नको

१. आरसीवर कर्जाचा बोजा आहे का ते परिवहन खात्याच्या 'वाहन' संकेतस्थळावर पाहा. बोजा असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवाच. न भरलेले दंडही तिथेच तपासा.

२. गाडी आधी पिवळ्या पाटीची, म्हणजे टॅक्सी होती का? सात आसनी गाड्यांत हे वारंवार घडते. पाटी पांढरी झाली तरी आधी तुडवलेले किलोमीटर पुसले जात नाहीत.

३. फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी स्वतःच्या नावावर करा. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. आपली जुनी गाडी विकतानाही हे विसरू नका. आरसीवर ज्याचे नाव, अपघाताची भरपाई त्याच्याच गळ्यात पडते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे.

४. विमाही १४ दिवसांच्या आत स्वतःच्या नावावर करण्यासाठी अर्ज करा. नाहीतर गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा क्लेम अडतो. नो-क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. चेन्नईत इंजिन संरक्षणाची जोड घ्या आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नका. तसे केल्याने इंजिनचे झालेले नुकसान साध्या विम्यात धरत नाहीत.

५. "गावाकडे एम.एच. पासिंगची गाडी स्वस्त मिळते" म्हणून घाई करू नका. बारा महिन्यांहून जास्त काळ इथे ठेवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी, इथली नवी नोंदणी आणि इथला कर हे सगळे आले. हा खर्च धरून मगच ती स्वस्त आहे का ते ठरवा.

मग नवी केव्हा घ्यावी?

दहा-बारा वर्षे तीच गाडी वापरायची असेल, रोज लांबचा प्रवास असेल, भरवशाचा मेकॅनिक नसेल आणि हप्ता भरूनही दरमहा बचत होत असेल, तर नवी गाडी चूक नाही. आपल्या उदाहरणातल्या कुटुंबासाठी मात्र आज जुनी गाडी, किंवा वर्ष-दोन वर्षे थांबून पहिली रक्कम वाढवणे हेच बरे. राष्ट्रीय महामार्ग ४८ चेन्नईहून बेंगळुरू, हुबळी, बेळगावमार्गे थेट कोल्हापूर-कऱ्हाडपर्यंत जातो. हजारेक किलोमीटरचा तो प्रवास जुन्या पण नीट पारखलेल्या गाडीनेही होतो. गावी पोहोचल्यावर पुढच्या हप्त्याची काळजी नसली, म्हणजे झाले.

स्वाध्याय

वहीच्या एका पानावर हे पाच आकडे लिहा : (१) सहा महिन्यांच्या घरखर्चाची रक्कम, (२) ती बाजूला काढून उरलेली बचत, (३) दरमहाची शिल्लक, (४) मागच्या वर्षी मोठी गाडी लागली ते दिवस, (५) गाडीचा महिन्याचा सगळा खर्च. पाचवा आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा असेल, तर त्या गाडीची चावी हातात घेऊ नका. लहान गाडी पाहा, जुनी पाहा किंवा थांबा. हे पान घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा आणि मगच गाडी पाहायला निघा.