मोतीचे घर

पाळीव कुत्र्यासाठी घर करावयाचे म्हटले की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो त्याच्या रूपाचा. दारावर कमान असावी, छपराला लाल रंग द्यावा, वर सुबक अक्षरांत ‘मोती’ अशी पाटी लावावी! परंतु मोतीला वाचता येत नाही. आणि लाल रंग तर कुत्र्याच्या डोळ्यांना लाल असा दिसतच नाही. शेजारीपाजारी ज्याचे कौतुक करतात, पण ज्यात कुत्रा पाऊल टाकीत नाही, अशी घरे मी अनेक पाहिली आहेत. भर पावसात कुत्रा ओसरीच्या कोपऱ्यात कुडकुडत असतो आणि ते रंगीत घर अंगणात रिकामे भिजत असते. असे का होते? कारण ते घर करणाऱ्याच्या हौशीने केलेले असते, राहणाऱ्याच्या मापाने नव्हे.

तेव्हा, मुलांनो, करवतीला हात लावण्यापूर्वी मोतीचे माप घ्या. तो निवांत उभा असताना सुतळी धरून नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी आणि जमिनीपासून खांद्यापर्यंतची उंची मोजावी. धातूची फीत खडखडते आणि कुत्रे बिचकते, म्हणून सुतळीच बरी. समजा, लांबी 72 सें.मी. भरली आणि खांद्याची उंची 50 सें.मी. आपल्याकडील मध्यम बांध्याचा गावठी कुत्रा साधारण एवढा असतो. लांबीच्या सव्वापट, म्हणजे 90 सें.मी., ही घराची आतील लांबी धरावी. रुंदी 60 सें.मी. पुरे, तेवढ्यात त्याला वळता येते व अंगाचे वेटोळे करून झोपता येते.

“एवढेसेच घर?” असे तुम्ही विचाराल. होय, एवढेसेच! घरात चूल नाही, शेगडी नाही. ऊब यावयाची ती मोतीच्या स्वतःच्या देहातून. कुत्र्याच्या शरीराचे तापमान 38 ते 39 अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे आपल्याहून अधिक असते. लहानशा जागेतील हवा तेवढ्या उष्णतेने उबदार होते. प्रशस्त दालनात ती ऊब विरून जाते.

लाकूड उंची हवे असे नाही. सागवान टिकाऊ खरे, पण पहिल्याच कामासाठी ते महाग पडते. वखारीत मिळणाऱ्या जुन्या खोक्यांच्या 2 सें.मी. जाडीच्या फळ्या चालतील. मात्र त्यांतील प्रत्येक जुना खिळा आधी पकडीने उपसून काढावा, नाहीतर रंध्याचे पाते बोथटलेच म्हणून समजा. करवत, रंधा, हातोडा, गिरमिट आणि गुण्या एवढ्या हत्यारांवर हे काम होते. हत्यारे चालविताना घरातील वडीलधारे माणूस किंवा गावातील एखादे सुतारकाका जवळ असावेत.

छप्पर एकपाखी, मागे उतरते करू. पुढची भिंत 75 सें.मी. उंच आणि मागची 60. म्हणजे बाजूच्या दोन भिंती समलंब चौकोनाच्या आकाराच्या झाल्या. त्या कापण्याची एक गमतीची युक्ती आहे. 15 सें.मी. रुंदीच्या आणि 135 सें.मी. लांबीच्या चार फळ्या एकमेकींना लावून मांडल्या की 60 सें.मी. रुंदीचा आयत तयार होतो. त्याच्या एका कडेवर डाव्या टोकापासून 75 आणि समोरच्या कडेवर त्याच टोकापासून 60 सें.मी.वर खूण करा व दोन्ही खुणा तिरप्या रेघेने जोडा. रेघेच्या दोन्ही अंगांनी आडव्या पट्ट्या ठोकून फळ्या जखडल्या आणि त्या एकाच रेघेवर करवत चालविली, की दोन्ही भिंती एकदम हाती येतात आणि लाकडाचा तुकडादेखील वाया जात नाही. 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार मांडला, पुढे डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने सुचविलेल्या उद्योगांत सुतारकामही होते. फळ्यावर समलंब चौकोनाचे क्षेत्रफळ तोंडपाठ सांगणारा विद्यार्थी लाकडाच्या फळीपुढे का गोंधळतो, हे पाहिले की त्या विचाराचे महत्त्व पटते.

आता दोन हिशेब नवशिक्याला हमखास चकवितात. पहिला जाडीचा. बाजूच्या भिंतींच्या कडा पुढच्या व मागच्या भिंतींनी झाकावयाच्या आहेत; म्हणून त्या दोन भिंतींची लांबी 90 नव्हे, तर दोन्हीकडची जाडी मिळवून 94 सें.मी. घ्यावी. दुसरा छपराचा. घराची रुंदी 60 असली तरी उतारावरून मोजली असता ती सुमारे 62 भरते. पायथागोरसाचा सिद्धांत लावून पाहा. शिवाय पागोळ्या भिंतीवर गळू नयेत म्हणून चहूकडे 10 सें.मी. वळचण सोडावी लागते.

खिळे ठोकण्याची घाई करू नये. फळीच्या टोकाजवळ खिळा मारला तर तो पाचरीसारखा तंतूंत शिरतो आणि फळी उभी चिरते. यासाठी आधी गिरमिटाने बारीक भोक पाडावे. भिंती उभ्या करून कोपऱ्यांतील खुंटांवर जोडल्या, की समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे. छप्पर मात्र खिळ्यांनी कायमचे बंद न करता बिजागऱ्यांवर बसवा. आतील गोचीड व पिसवा झाडावयाच्या असतील, तेव्हा ते उघडता आले पाहिजे.

दाराची उंची खांद्याच्या पाऊणपट, म्हणजे सुमारे 40 सें.मी., व रुंदी 30 सें.मी. पुरते. कुत्रा मान लववून आत जातो. त्याला त्यात कमीपणा वाटत नाही. दार मध्यावर न ठेवता एका कडेला ठेवा, म्हणजे दुसऱ्या कोपऱ्यात वारा व सडा पोचत नाही. खाली 10 सें.मी. उंबरठा राखला की आतला पेंढा बाहेर सांडत नाही. आपल्याकडे मोसमी पाऊस नैऋत्येकडून येतो, म्हणून दाराचे तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला करावे. कोकणात सारी काळजी पावसाची. विदर्भात मात्र उन्हाळ्याची. कुत्र्याला आपल्यासारखा सर्वांगाला घाम येत नाही, तो धापा टाकून अंग निववितो. तेथे घर झाडाच्या सावलीत ठेवावे, वळचणीखाली वारा खेळण्यास भोके पाडावीत आणि पत्र्याचे छप्पर कटाक्षाने टाळावे.

तळ जमिनीला टेकवू नका. चार कोपऱ्यांखाली विटा ठेवल्या म्हणजे ओल चढत नाही आणि वाळवीची वाट दिसून येते. रंग आतून मुळीच लावू नये, कारण कुत्रा लाकूड चावतो. बाहेरून जवसाचे तेल दोनदा चोळावे. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून फेकू नका, त्या आपोआप तापून पेटू शकतात; उघड्यावर पसरून वाळवाव्यात.

घर उभे राहिल्यावर मोतीला ओढून आत कोंबण्याचा मोह होईल. तो आवरा. तो रोज ज्या गोणपाटावर निजतो, ते न धुता तसेच आत अंथरा आणि बाजूला व्हा. तो प्रथम विटा हुंगील, मग उंबरठा, मग केवळ मान आत घालून परत येईल. कदाचित दोन-तीन दिवस असेच जातील. मृगाला अवकाश असतानाच हे काम पुरे करावे, म्हणजे पहिली सर येईल तेव्हा आपण कोठे जावयाचे हे मोतीने आपल्यापुरते ठरविलेले असेल.