इंजिन घरीच उतरवू का?

प्रश्न : महापुरात बुडालेल्या जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन शेडच्या पाइपला चेनब्लॉक लावून उतरवू का? (एक शेतकरी, शिरोळ)

उत्तर : शेडच्या पाइपला मुळीच नको. तीन सिलिंडरचे इंजिन सहसा दोनशे किलोंच्या खाली नसते. पाइप पत्र्यासाठी असतो. एक टनाचा चेनब्लॉक आणि भक्कम लोखंडी तिपाई भाड्याने आणा.

मुख्य धोका वेगळाच आहे. बहुतेक जुन्या ट्रॅक्टरला जीपसारखी चासी नसते. इंजिन हाच मधला सांधा. पुढे ॲक्सल, मागे क्लच हाउसिंग. बोल्ट सुटले की ट्रॅक्टरचे दोन तुकडे होतात. म्हणून आधी मागची चाके अडवा, पुढच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका आणि क्लच हाउसिंगखाली घोडी लावा. नुसत्या जॅकवर भिस्त नको, आपल्या काळ्या रानात तर नकोच. खाली काँक्रीट हवे. क्लच शाफ्ट अडकला तर ओढू नका, दोन्ही भाग समपातळीत आणा. लटकत्या इंजिनाखाली हातही घालू नका.

आणि एक विचारतो : उतरवायलाच हवे का? बऱ्याच मॉडेलांत हेड आणि ऑइल चेंबर खोलून लायनर-पिस्टन जागेवरच बदलतात. क्रँक काढायचा असेल तरच हा खटाटोप.