प्रकाशाचा पीळ आणि रेणूंचा पीळ

हिंगोली जिल्ह्यात वसमत येथे पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे. गळीत हंगामात अशा एखाद्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेलात, तर तेथील रसायनतज्ज्ञ एका लांब नळीत निवळलेला रस भरून तिच्यातून प्रकाश सोडताना दिसतील. या उपकरणाला ध्रुवणमापक म्हणतात. त्यावरील वाचनाला कारखान्यात नुसते 'पोल' म्हणतात. रसात साखर किती, हे त्यावरून कळते; आणि साखरेच्या उताऱ्याशी शेतकऱ्याच्या उसाचा भाव बांधलेला असतो.

साध्या प्रकाशाची कंपने त्याच्या मार्गाला काटकोनात, पण सर्व दिशांनी होत असतात. ध्रुवकातून गेल्यावर ती एकाच प्रतलात उरतात. 26 ग्रॅम साखर विरघळवून 100 मिलिलिटर द्रावण केले आणि ते 20 सेंटिमीटर लांबीच्या नळीत भरले, तर सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाचे हे प्रतल सुमारे 34.6 अंश उजवीकडे वळते. नुसत्या पाण्याने ते मुळीच वळत नाही.

असे का व्हावे? एक पिळाची दोरी घ्या. ती उलट टोकाने धरली तरी पीळ बदलत नाही. आरशात मात्र डाव्याचा उजवा झालेला दिसतो. (हे करूनच पाहा. वर्गात यावर हमखास वाद होतो.) साखरेचा रेणूही असाच आहे. आपला डावा हात उजव्यावर तंतोतंत बसत नाही, तसा तो आपल्या प्रतिबिंबाशी जुळत नाही.

आता प्रश्न उलटा करू. असा पदार्थ प्रकाशाला वळवतो, तर प्रकाश पदार्थाला पीळ देऊ शकेल काय?

त्यासाठी प्रकाशच पिळाचा हवा. वर्तुळ-ध्रुवित प्रकाश तसा असतो. त्यात कंपनाची दिशा पुढे जाता जाता मळसूत्राप्रमाणे फिरत राहते, डावीकडे किंवा उजवीकडे. आणि पदार्थ हवा द्रव स्फटिक. 1888 मध्ये रायनिट्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला असे आढळले, की कोलेस्टेरिल बेंझोएट 145.5 अंश सेल्सिअसला वितळून गढूळ होते आणि 178.5 अंशांना निवळते. तो गढूळ द्रव म्हणजेच द्रव स्फटिक. नेमॅटिक प्रकारच्या द्रव स्फटिकात लांबट रेणू कडब्याच्या पेंढीतील ताटांसारखे एका दिशेने पडलेले असतात. त्यात डाव्या किंवा उजव्या घडणीचे रेणू थोडे मिसळले, की प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित वळतो आणि गोल जिना तयार होतो.

नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात बेन फेरिंगा व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे पाहण्यासारखा आहे. त्यांनी घेतलेले रेणू प्रकाश शोषला की डाव्याचे उजवे आणि उजव्याचे डावे होत. सुरुवातीला दोन्ही सारखेच होते. वर्तुळ-ध्रुवित अतिनील प्रकाश एका घडणीचे रेणू किंचित अधिक शोषतात. म्हणून तेच अधिक उलटतात आणि दुसऱ्या घडणीचे साठत जातात. साठून साठून किती? फरक अवघा 0.07 टक्के! म्हणजे दहा लाख रेणूंत एका बाजूला 5,00,350 आणि दुसऱ्या बाजूला 4,99,650.

एवढ्याशा फरकाने काय होणार, असे वाटेल. पण द्रव स्फटिकातील रेणू कवायतीच्या रांगेतील मुलांसारखे शेजाऱ्याकडे पाहून उभे असतात. थोडे वळले की सगळी रांग वळते. फेरिंगा यांच्या नेमॅटिक थरात तसेच झाले आणि सबंध थराला एकाच दिशेचा पीळ बसला. डाव्या प्रकाशाऐवजी उजवा वापरला तर पीळ उलटा. साधा प्रतल-ध्रुवित प्रकाश टाकला तर तो नाहीसा. रसायन बदलायला नको, तापमानही नको. नुसता प्रकाश बदलायचा! फेरिंगा यांना पुढे 2016 मध्ये रेण्वीय यंत्रांवरील कामासाठी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पिळाचा उपयोग तुमच्या गणकयंत्रातही आहे. त्याच्या पडद्यातील द्रव स्फटिकाला 90 अंशांचा पीळ असतो. तो सगळीकडे एकाच बाजूने बसावा म्हणून त्यात एका घडणीचा पदार्थ अल्प प्रमाणात मिसळतात.

पुन्हा उसाकडे येऊ. वसमतच्या शेतातील उसात साखरेची एकच घडण असते, तिचे प्रतिबिंब कधीच सापडत नाही. जीवसृष्टीने ही एकच बाजू का धरली? 1998 मध्ये मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या एका भागातून येणारा अवरक्त प्रकाश बऱ्याच प्रमाणात वर्तुळ-ध्रुवित असल्याचे आढळले. पृथ्वी घडण्यापूर्वी अशाच प्रकाशाने अवकाशातील रेणूंत पहिला लहानसा फरक पाडला असेल, असे काही शास्त्रज्ञांना वाटते. इतर काहींना ते पटत नाही.