टॉर्क रेंच घेताय? आधी हा हिशेब करा

इम्पॅक्ट गनने आवळलेले चाकाचे नट रस्त्यात पंक्चर झाल्यावर सुटता सुटत नाहीत. बाइकचा ड्रेन बोल्ट अंदाजाने आवळला, तर चेंबरचे आटे जातात. बोल्ट नेमका किती आवळायचा, हे टॉर्क रेंच सांगतो. पण चुकीचा घेतला तर पैसे वाया.

आधी रेंज, मग किंमत
गाडीचं मॅन्युअल उघडा. छोट्या कारच्या चाकाच्या नटांना साधारण 85 ते 110 न्यूटन-मीटर लागतात, बाइकच्या ड्रेन बोल्टला बहुधा 20 ते 35. क्लिक रेंच (ठरवलेला टॉर्क आला की ‘टक्’ करणारा) कमाल आकड्याच्या 20 टक्क्यांखाली भरवशाचा नसतो. म्हणजे 40 ते 210 चा अर्धा इंची रेंच चाकांसाठी उत्तम, पण ड्रेन बोल्टला निरुपयोगी. त्यासाठी तीन-अष्टमांश इंची छोटा रेंच लागतो.

खर्चाचा अंदाज
- साधा क्लिक रेंच: 1,800 ते 3,500 रुपये
- नावाजलेल्या कंपनीचा: 4,000 ते 8,000
- डिजिटल: 5,000 च्या पुढे
- सॉकेट, एक्स्टेन्शन: 500 ते 1,500
- कॅलिब्रेशन: 500 ते 1,500

मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी इथे भाव विचारून मगच ऑनलाइन किंमत पाहा. सोबत कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र मागा. आयएसओ 6789 मानकानुसार 10 न्यूटन-मीटरच्या वरच्या क्लिक रेंचमध्ये चार टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो.

वापरताना
- एकक तपासा. 1 किलोग्रॅम-मीटर म्हणजे सुमारे 9.8 न्यूटन-मीटर.
- आटे स्वच्छ ठेवा. मॅन्युअलमध्ये सांगितलं नसेल तर तेल लावू नका. घर्षण कमी होऊन त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो.
- नट आधी हाताने बसवा. मग समोरासमोरच्या क्रमाने, दोन टप्प्यांत आवळा.
- मूठ मधोमध धरून सावकाश ओढा. ‘टक्’ झालं की थांबा. खात्रीसाठी आणखी एक झटका दिलात की टॉर्क वाढलाच.
- दांड्याला पाइप लावू नका. नट सोडायला साधा पानाच घ्या.
- चाक बदलल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.
- काम झालं की रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्या खाली नाही.

कॅलिब्रेशन कधी?
गॅरेजसाठी वर्षातून एकदा किंवा 5,000 वेळा वापरल्यावर. घरच्या क्वचित वापराला दरवर्षीचा खर्च लागत नाही. पण रेंच हातातून पडला, तर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या. स्वस्त रेंचचं कॅलिब्रेशन जवळपास त्याच्या किमतीत जात असेल, तर नवा घेणं परवडतं.

वर्षातून एकदाच चाक काढत असाल, तर खरेदी नकोच. टायरवाल्याला सांगा: नट हाताने बसव, शेवटचा आवळ टॉर्क रेंचने दे. त्याच्याकडे तो नसेल, तर दुसरं दुकान गाठा.