महिन्याचा पगार, हंगामाची पट्टी आणि मुलांचा खर्च

पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यावर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शिवारांत कारखान्यांची रांग उभी राहिली आणि पुढे ती इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकली. कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी या भागांतील शेतकरी कुटुंबांचे जीवन त्यामुळे पालटले. घरातील एक माणूस ठेकेदारामार्फत कारखान्यात जातो, गोठ्यात एखाददुसरी गाय असते आणि उरलेल्या एक-दोन एकरांत कांदा किंवा बटाटा होतो, असे घर या पट्ट्यात ठिकठिकाणी आढळते.

अशा घरात पैसा तीन वाटांनी येतो. कारखान्याचा पगार महिन्याने होतो, दुधाचा पगार बहुधा दहा दिवसांनी मिळतो आणि कांद्याची पट्टी हंगामाला हाती पडते. मुलांचा खर्च मात्र यांपैकी कोणत्याच वेळापत्रकाने चालत नाही. दूध-भाजी रोज लागते, आजारपण अवचित येते आणि शाळेचा खर्च जून महिन्यात एकदम उभा राहतो. घराची ओढाताण होते ती पुष्कळदा प्राप्ती अपुरी असल्यामुळे. परंतु तितक्याच वेळा ती प्राप्तीची वेळ व खर्चाची वेळ यांचा मेळ न बसल्यामुळे होते. पहिल्या अडचणीवर जमाखर्चाच्या वहीत उपाय नाही. दुसरीवर आहे.

उदाहरणादाखल नवरा, बायको, आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा व आजी असे एक कुटुंब घेऊ. आकडे केवळ हिशेबाच्या सोयीसाठी आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालावेत. पगार हातात 14,000 रुपये पडतो, पण ठेकेदारीचे काम मध्येच थांबते, म्हणून वर्षाचे दहाच महिने धरावेत. म्हणजे 1,40,000 रुपये झाले. गाईचे दूध चारा-पेंड वजा जाता महिन्याला 3,000 रुपये देते, आणि गाय दोन महिने भाकड राहते. म्हणजे 30,000 रुपये. एक एकर कांद्याची पट्टी हमाली-तोलाई जाऊन 75,000 रुपयांची झाली व त्यास खर्च 35,000 रुपये आला, तर उरले 40,000. एकूण प्राप्ती 2,10,000 रुपये, म्हणजे महिन्याला सरासरी 17,500 रुपये.

या सरासरीवर प्रपंच बेतणे ही येथील सर्वांत मोठी चूक होय. कांद्याचा भाव पडला की 40,000 रुपये शून्यावर येतात, कधी घातलेला खर्चही निघत नाही. म्हणून महिन्याचा खर्च पगार व दूध या दोहोंवरच बसवावा. त्यांचे मिळून 1,70,000 रुपये होतात. बारा महिन्यांत वाटले असता सुमारे 14,000 रुपये पडतात. ज्या महिन्यात पगार आणि दूध दोन्ही चालू असतात, त्या महिन्यात 17,000 रुपये घरात येतात. त्यांतील 3,000 रुपये त्याच दिवशी बाजूला काढून बँकेच्या अगर टपाल कार्यालयाच्या साध्या बचत खात्यात टाकावेत. काम थांबलेले दोन महिने त्यांवर निघतात. ही रक्कम मुदतबंद ठेवीत गुंतवू नये, कारण ती लागते तेव्हा आजच लागते.

आता कांद्याची पट्टी. ती हातात आली की पुढील लागवडीचे 35,000 रुपये प्रथम वेगळे काढावेत. तो नफा नव्हे, ते भांडवल आहे. राहिलेल्या 40,000 पैकी 12,000 येत्या जूनसाठी, 10,000 औषधपाणी व लग्नकार्याच्या देण्याघेण्यासाठी, 6,000 मुलीच्या नावे आणि 12,000 पीक बुडाल्यास पुढील जूनसाठी, अशी विभागणी करता येते.

जूनची रक्कम आदल्या वर्षीच्या पट्टीतून ठेवण्यास कारण आहे. रब्बीचा गरवा कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. त्या सुमारास सर्वांचाच माल चाकणच्या बाजारात येतो व भाव बसतो. हवेशीर चाळीत हा कांदा चार-पाच महिने टिकू शकतो. पण शाळेची फी, वह्या-पुस्तके, गणवेश, बूट हे सर्व जूनमध्ये भरावयाचे असल्याने मे महिन्यातच चाळ रिकामी केली जाते. चाळीत वजन घटते, काही माल सडतो, म्हणून थांबणे नेहमीच फायद्याचे ठरते असे नाही. परंतु विकावे की थांबावे हे बाजार पाहून ठरावे. शाळेच्या हप्त्याने ते ठरवू नये.

मुलीच्या नावे पैसे ठेवण्यासाठी 2015 साली सुरू झालेली सुकन्या समृद्धी योजना सोयीची आहे. मुलगी दहा वर्षांची होण्यापूर्वी खाते उघडावे लागते, वर्षाला किमान 250 रुपये भरले तरी ते चालू राहते आणि भरणा पंधरा वर्षे करावयाचा असतो. मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. मुलासाठी टपाल खात्याची पाच वर्षांची आवर्ती ठेव दरमहा 100 रुपयांपासून उघडता येते. भिशीचा प्रघात या भागातील स्त्रियांत मोठा आहे. भांडीकुंडी किंवा शिलाईयंत्र घेण्यास ती उपयोगी पडते. पण तिला लेखी आधार नसतो, तेव्हा मुलांच्या शिक्षणाचा सर्व पैसा तीत घालू नये.

कर्जाविषयी एकच हिशेब पुरे. शेकडा तीन रुपये दरमहा व्याजाने 20,000 रुपये काढले, तर वर्षाचे व्याज 7,200 रुपये होते आणि मुद्दल तसेच उभे राहते. बचत गटातही व्याज द्यावे लागते, परंतु ते गटातच राहते व सभासदांच्या उपयोगी पडते. ‘शेकडा तीन’ हा शब्द कानाला हलका वाटतो, म्हणून तो नेहमी वर्षाच्या रुपयांत मांडून पाहावा.

काटकसर कोठे करू नये, हेही सांगणे अवश्य आहे. पैशाची तंगी आली की घरचे सगळे दूध डेअरीत जाते आणि मुलांच्या वाट्याला चहा-बिस्कीट येते. दुधाच्या पगारात त्यामुळे थोडी भर पडते खरी, पण वाढत्या वयाची हानी कोणत्याही पट्टीने भरून निघत नाही. दोन मुलांसाठी रोज अर्धा लिटर दूध घरात ठेवूनच उरलेले घालावे. उलट, मुलांच्या हाती रोज वीस रुपयांची चटकमटक पुडकी पडत असतील, तर महिन्याचे 600 व वर्षाचे 7,200 रुपये होतात. म्हणजे वरील कर्जाच्या व्याजाइतकेच. त्या जागी शेंगदाणे-गूळ, फुटाणे, अंडे किंवा परसबागेतील शेवगा द्यावा. चार वर्षांच्या मुलास अंगणवाडीचा आहार मिळतो व सरकारी शाळेत आठवीपर्यंत दुपारचे जेवण मिळते. ते घेण्यात कमीपणा मानू नये. शाळा निवडतानाही केवळ फीच्या आकड्यावरून तिची प्रत ठरवू नये. खेड तालुक्यातीलच जालिंदरनगर येथील जिल्हा परिषद शाळेने 2025 साली आंतरराष्ट्रीय स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळविला आहे.

ज्या घरांची जमीन कारखान्यांसाठी संपादित झाली, त्यांना मोबदल्याची रक्कम एकदम मिळाली. गाडी व लग्नसमारंभ यांत ती लवकर संपते. वास्तविक ही रक्कम म्हणजे प्राप्ती नसून रूप पालटलेली जमीनच होय. जमीन विकून कोणी किराणा भरीत नाही. 10 लाख रुपये शेकडा सहा दराने ठेवले तर वर्षास 60,000 म्हणजे महिन्यास 5,000 रुपये येतात. खर्चास घ्यावयाचे ते एवढेच, आणि त्यातूनही थोडे मुद्दलात परत घालावे, कारण महागाई वाढत असते व मुले मोठी होत असतात.

कारखान्यातून मिळणारे काही हक्कही पुष्कळ घरांत वापरावाचून पडून राहतात. ठेकेदाराकडील कामगारही वेतनमर्यादेत असल्यास कामगार राज्य विमा योजनेत येतो, व औषधोपचाराचा लाभ त्याच्या बायकामुलांनाही मिळतो. या योजनेचे रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरात आहे. पगारातून वर्गणी कापली जात असताना मुलांच्या तापासाठी उसनवारी करणे हा दुहेरी तोटा आहे. कामावर लागताच विमा क्रमांक मागून घ्यावा व कुटुंबातील सर्वांची नावे त्यात आहेत की नाहीत ते पाहावे.

भविष्य निर्वाह निधीचेही तसेच. पगाराच्या शेकडा बारा रुपये त्यात कापले जातात व मालकाचाही वाटा पडतो. ठेकेदार बदलला की कामगार जुने खाते विसरतो किंवा असेल ती रक्कम काढून मोकळा होतो. 2014 पासून प्रत्येक सभासदास एकच कायम क्रमांक मिळतो. नव्या ठेकेदारास तोच क्रमांक द्यावा, म्हणजे मागील वर्षांची रक्कम पुढील खात्याशी जोडून घेता येते. तो क्रमांक, विमा क्रमांक, पगाराच्या पावत्या, आडत्याच्या पट्ट्या आणि मुलांचे जन्मदाखले एकाच पिशवीत ठेवावेत, आणि ती पिशवी कोठे आहे हे घरातील स्त्रीला ठाऊक असावे.